चष्म्यावरची वाफ आणि मास्कची कड

मास्क लावला की चष्म्याच्या काचा धुरकटतात, ही चष्मेवाल्यांची जुनी तक्रार आहे. खरं तर ती वाफ म्हणजे फुकटात झालेली तपासणी. नाकातून निघालेली गरम, दमट हवा कापडातून जायला हवी होती. त्याऐवजी ती नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून वर सटकली आणि काचेवर जमली. ज्या फटीतून हवा बाहेर गेली, त्याच फटीतून पुढचा श्वास न गाळता आत येतो. चहाचं गाळणं कपावर वाकडं बसलं तर जाळी कितीही बारीक असो, चहापूड कपात उतरतेच. मास्कचं अगदी तसंच आहे. कापड कोणतं, थर किती, किंमत काय, यावर लोक बराच खल करतात. पण कड चेहऱ्याला चिकटली आहे का, हे फार थोडे जण बघतात.

हिशेब करून बघा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. एका मास्कचं कापड शंभरातले ९५ कण अडवतं, पण तो सैल आहे आणि श्वासातली ४० टक्के हवा कडेनेच ये-जा करते. म्हणजे ४० कण सरळ आत आले. उरलेल्या ६० पैकी कापडातून ३ निसटले. एकूण ४३. दुसऱ्या मास्कचं कापड साधंच, शंभरातले ७० कण अडवणारं, पण तो घट्ट बसतो आणि कडेने फक्त ५ टक्के हवा जाते. तिथे ५ अधिक साधारण २८ किंवा २९, म्हणजे ३४च्या आत. हलकं कापड असलेला मास्क इथे जिंकला, तो केवळ कडेमुळे.

हवेत नेमकं काय असतं

माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो, गातो, तेव्हा तोंडातून आणि नाकातून वेगवेगळ्या आकाराचे ओले कण बाहेर पडतात. आवाज जितका मोठा, तितके कण जास्त. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. शंभर मायक्रॉनचा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर पडतो. पाच मायक्रॉनच्या कणाला तोंडाच्या उंचीवरून खाली यायला, वारा अजिबात नसलेल्या खोलीतसुद्धा, अर्धा तास लागतो. एक मायक्रॉनचा कण तासन् तास तरंगत राहतो.

यात आणखी एक गंमत आहे. बाहेर पडताना कण ओला आणि मोठा असतो. कोरड्या हवेत आला की त्यातलं पाणी काही क्षणांत उडून जातं आणि तो आक्रसून हलका होतो. म्हणून तोच कण खोकणाऱ्याच्या तोंडाशी अडवणं सोपं आणि समोरच्याच्या नाकाशी अडवणं अवघड. साधा मास्क लावणाऱ्याला जितकं संरक्षण देतो, त्यापेक्षा इतरांना जास्त देतो असं म्हणतात, त्यामागचं कारण हे आहे.

याचा उत्तम पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या एका क्षयरोग रुग्णालयातून आला. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या रुग्णांच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या दोन खोल्यांकडे वळवली होती. एक दिवस रुग्णांनी साधे सर्जिकल मास्क लावायचे, दुसऱ्या दिवशी नाही. मास्कच्या दिवसांची हवा एका खोलीत, बिनमास्कच्या दिवसांची दुसऱ्या खोलीत. दोन्हीकडे नव्वद-नव्वद प्राणी. बिनमास्कच्या हवेत ६९ जणांना लागण झाली, मास्कच्या हवेत ३६ जणांना. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लागण जवळपास निम्म्यावर आली, तीही कुणी एन९५ न लावता. मात्र ती शून्य झाली नाही, हेही तितकंच खरं.

गाळणी चाळणीसारखी नसते

‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, कापडाची भोकं त्याहून मोठी, मग मास्क अडवणार काय?’ हा प्रश्न कोविडच्या काळात व्हॉट्सॲपवर भरपूर फिरला. प्रश्न चुकीचा नाही, त्यामागचं चित्र चुकीचं आहे. मास्क पीठ चाळायच्या चाळणीसारखा काम करत नाही. मधल्या थराकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर ते दाट झाडी माजलेलं रान दिसेल. एक ते पाच मायक्रॉन जाडीचे प्लॅस्टिकचे धागे वेडेवाकडे एकमेकांवर पडलेले असतात आणि हवा त्यांच्यातून वळणं घेत जाते.

मोठा, जड कण भरधाव गाडीसारखा असतो: हवा वळते, त्याला वळता येत नाही, तो धाग्यावर आदळतो. अगदी बारीक कणाचं उलटं. हवेचे रेणू त्याला सतत ढकलत असल्यामुळे तो झिंगलेल्या माणसासारखा इकडेतिकडे भेलकांडतो आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला चिकटतो. अडचण होते मधल्या आकाराची, साधारण ०.३ मायक्रॉनची. हे कण हवेबरोबर वळण्याइतके हलके असतात, पण भेलकांडण्याइतके लहान नसतात. म्हणूनच चाचणी या आकाराच्या आसपास घेतात. एन९५मधले ९५ म्हणजे या सर्वात अवघड आकाराच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडवले जाणं. त्याहून मोठे आणि त्याहून लहान, दोन्ही जास्त अडतात. शिवाय विषाणू सहसा सुटा उडत नाही; थुंकीच्या, लाळेच्या कणात बसून येतो.

आणखी एक युक्ती विजेची. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसा एन९५चा मधला थर कारखान्यातच विद्युतभारित केलेला असतो आणि जवळून जाणारे कण खेचून घेतो. यामुळे थर पातळ ठेवूनही गाळणी चांगली होते आणि श्वास घेणं जड जात नाही. साबणाच्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने हा भार निघून जातो. धुतलेला एन९५ दिसायला नवा दिसेल, पण त्याची खरी ताकद गटारात वाहून गेलेली असते.

कार्बन डायऑक्साइड अडकून गुदमरायला होतं, ही भीतीही या रानाच्या चित्रावरून तपासता येते. त्या वायूचा रेणू विषाणूपेक्षा सुमारे तीनशे पटींनी लहान असतो आणि हवेतल्या इतर रेणूंसारखाच आरपार जातो. धाप लागल्यासारखं वाटतं ते कापडाच्या रोधामुळे आणि आतल्या ओल्या उष्म्यामुळे. ती अडचण खरी आहे, खास करून दम्याच्या रुग्णांसाठी. फक्त कारण वेगळं आहे.

दुकानात काय बघायचं

सर्जिकल मास्क तीन थरांचा असतो: बाहेर पाणी न शोषणारा थर, मध्ये बारीक धाग्यांची गाळणी, आत मऊ थर. खोक्यावर ‘९५’ किंवा ‘९८’ टक्के लिहिलेलं असतं, पण ते सुमारे तीन मायक्रॉनच्या जीवाणूयुक्त थेंबांसाठी असतं आणि ती चाचणी कापडाची असते. चेहऱ्यावर लावलेल्या मास्कची नव्हे. त्यामुळे ‘९८ टक्क्यांचा सर्जिकल’ हा ‘९५ टक्क्यांच्या एन९५’पेक्षा भारी, असा हिशेब करू नका. भारतात सर्जिकल मास्कचं मानक आयएस १६२८९ आहे.

श्वसनसंरक्षक, म्हणजे एन९५सारख्या मास्कचं भारतीय मानक आयएस ९४७३. त्यावर एफएफपी१, एफएफपी२, एफएफपी३ अशा श्रेणी असतात; एफएफपी२ म्हणजे किमान ९४ टक्के, व्यवहारात एन९५च्याच तोडीचा. ‘एन९५’ ही मूळ अमेरिकन श्रेणी, केएन९५ चिनी. नुसतं ‘एन९५’ छापायला काही लागत नाही. रस्त्यावर वीस रुपयांना मिळणाऱ्या एकथरी स्पंजवरही ते छापलेलं दिसतं. आयएसआय चिन्ह, त्याच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक बघा. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपवर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे.

पट्टा कुठे जातो, हेही बघा. डोक्यामागे जाणारे दोन पट्टे मास्कला चेहऱ्यावर दाबून धरतात. कानात अडकवायचे पट्टे तितका दाब देऊ शकत नाहीत, दिला तर कान दुखतात आणि मग माणूस मास्क सैल करतो. रुग्णालयात काम करणाऱ्याने डोक्यामागचे पट्टेच घ्यावेत.

समोर प्लॅस्टिकची गोल झडप असलेला मास्क संसर्ग पसरू नये म्हणून घ्यायचा नाही. श्वास बाहेर सोडताना ती झडप उघडते आणि न गाळलेली हवा बाहेर जाते. धुळीत काम करणाऱ्या कामगारांसाठी ती सोय आहे, आणि तिथे ती चांगलीच आहे. जुलै २०२०मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून लोकांनी असे मास्क वापरू नयेत असं कळवलं होतं, ते याच कारणाने.

कापडी मास्क घरी शिवायचा असेल तर तीन थर करा: आत सुती, मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन (प्लॅस्टिकच्या धाग्यांचं कापड), बाहेर पॉलिस्टरसारखं ओल न धरणारं कापड. कापड खिडकीसमोर धरून पाहा. उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर वीण विरळ आहे. एकेरी रुमाल, ओढणी किंवा उपरणं यांना काही नसण्यापेक्षा बरं म्हणता येईल, त्याहून जास्त नाही.

लावायचा कसा

सर्जिकल मास्कची रंगीत बाजू नेहमी बाहेर आणि चुण्यांची तोंडं खाली. ‘आजारी असाल तर निळी बाजू बाहेर, निरोगी असाल तर पांढरी बाहेर’ हा निव्वळ शोध आहे. उलटा लावला तर पाणी शोषणारा थर बाहेर येतो. वरच्या कडेतली तार दोन्ही हातांच्या बोटांनी नाकाच्या मध्यापासून गालांकडे दाबत न्या. एका हाताच्या चिमटीने दाबली तर तिला मध्येच टोक येतं आणि दोन्ही बाजूंना बोगदे तयार होतात. चुण्या उघडून मास्क हनुवटीखाली घ्या.

तरीही गालांवर फटी उरतात. त्यावर एक सोपा उपाय आहे. मास्क आडवा, लांबीत दुमडा. कानाच्या दोन्ही दोऱ्यांना मास्कच्या कडेला अगदी लागून एकेक गाठ मारा. मास्क उघडा आणि गाठींजवळ फुगलेलं कापड आत खोचून टाका. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१मध्ये पुतळ्यांवर याची चाचणी घेतली. गाठ मारून खोचलेल्या मास्कने खोकल्याचे सुमारे ७७ टक्के कण अडवले. तोच मास्क सैल असताना निम्म्याच्या आसपासच. सर्जिकलवर घट्ट कापडी मास्क लावल्यावर आकडा ८५च्या पुढे गेला. इथे वरच्या कापडाचं काम गाळायचं नाही, खालच्या मास्कची कड दाबून धरायचं आहे. त्यामुळे दोन सर्जिकल एकावर एक लावून फारसं काही साधत नाही, दोन्ही एकाच ठिकाणी गळतात. एन९५वर दुसरा मास्क लावूच नका.

एन९५ लावताना तो तळहातात घ्या, तार बोटांच्या टोकांकडे, पट्टे खाली लोंबते. आधी हनुवटी बसवा, मग नाक. वरचा पट्टा डोक्यावरून मागे, टाळूच्या खालच्या उंच भागावर. खालचा पट्टा कानांच्या खालून मानेवर. पट्टे एकमेकांना फुली मारता कामा नयेत. पदर, ओढणी, केसांची बट कडेखाली आली असेल तर काढा. तार दोन हातांनी बसवा. मग दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा: डोळ्यांवर, गालांवर वारा लागतोय का? श्वास आत ओढा: मास्क किंचित आत ओढला जातो का? वारा लागला तर पट्टे आणि तार पुन्हा बसवा. तीनदा करूनही जमलं नाही तर तो आकार त्या चेहऱ्याचा नाही. दुसऱ्या कंपनीचा किंवा दुसऱ्या मापाचा घ्या. रुग्णालयांत याहून पक्की चाचणी करतात. डोक्यावर टोपडं घालून आत सॅकरिनचा किंवा कडू द्रावणाचा फवारा मारतात. चव लागली तर मास्क नापास.

दाढी ही अवघड बाब आहे. कडेखाली दोन दिवसांचे खुंट आले तरी सील बिघडतं. मिशी मास्कच्या आत राहत असेल तर हरकत नाही. धार्मिक कारणाने दाढी ठेवणाऱ्यांसाठी ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी ‘सिंग ठाठा’ पद्धत वापरून पाहिली: रबराची रुंद पट्टी हनुवटीखालून डोक्यावर बांधायची, दाढी तिच्याखाली झाकायची आणि मास्क तिच्यावर बसवायचा.

आणि बोलताना मास्क खाली ओढण्याची सवय! लोकलमध्ये गप्प बसलेला माणूस मास्क नीट लावतो आणि फोन आला की हनुवटीवर घेऊन मोठ्याने बोलू लागतो. कण सर्वात जास्त सुटतात ते नेमके तेव्हाच.

किती वेळ, किती वेळा

सर्जिकल मास्क एका दिवसाचा, आणि ओला झाला तर त्याआधीच बदलायचा. ओल्या कापडातून हवा जायला जोर लागतो, म्हणून ती कडेने वाट काढते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत दोन-तीन मास्क पिशवीत असलेले बरे. कापडी मास्क रोज साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवा.

एन९५ धुवायचा नाही, उन्हात तापवायचा नाही, सॅनिटायझर मारायचा नाही. घरगुती वापरासाठी पाच मास्क घ्या, कागदी पिशव्यांवर एक ते पाच आकडे लिहा आणि आळीपाळीने वापरा. प्रत्येकाला मध्ये चार दिवसांची विश्रांती मिळते. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल राहते. गाळणीच्या आधी सहसा पट्टाच सैल होतो. रबर ताणून परत येत नसेल, तार मोडली असेल, आतून डाग पडले असतील, श्वास जड जाऊ लागला असेल, तर मास्क टाकून द्या.

मग अभ्यास वेगवेगळं का सांगतात

बांगलादेशात २०२०-२१मध्ये ६०० गावांत मोठा प्रयोग झाला, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवर. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, लोकांना आठवण करून दिली. मास्कचा योग्य वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला आणि लक्षणांसह रक्ततपासणीत सिद्ध झालेला कोविड ९.५ टक्क्यांनी घटला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीपुढच्या लोकांमध्ये ही घट ३५ टक्के होती. डेन्मार्कमध्ये सुमारे सहा हजार लोकांवरच्या अभ्यासात मास्कच्या गटात १.८ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना लागण झाली. फरक इतका लहान की त्यावरून ठाम काही म्हणता येईना. तिथे सांगितल्याबरहुकूम मास्क लावणारे निम्म्याहून कमी होते, आणि त्यांच्यामुळे इतर किती वाचले हे मोजलंच नव्हतं.

वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ मधल्या आढाव्यावरून ‘मास्क निरुपयोगी’ अशा बातम्या आल्या, तेव्हा कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनाच खुलासा करावा लागला की हा अर्थ चुकीचा आहे. यातले बरेच अभ्यास ‘मास्क लावा असं सांगितल्याने काय होतं’ हे मोजतात. पुण्यात हेल्मेटसक्ती जाहीर केल्याने अपघाती मृत्यू किती घटले आणि डोक्यावर हेल्मेट असल्याने कवटी किती वाचते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मास्कबाबतही पहिल्याचं उत्तर धूसर आहे, दुसऱ्याचं बऱ्यापैकी स्पष्ट.

तसा हा वाद शंभर वर्षांपूर्वीचा आहे. १९१०-११च्या हिवाळ्यात ईशान्य चीनमधल्या मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला. पेनांगमध्ये जन्मलेले डॉ. वू लिएन-तेह तिथल्या हार्बिन शहरात पोचले आणि हा रोग श्वासातून पसरतो असं सांगून त्यांनी कापूस आणि जाळीच्या कापडाचे थरदार मास्क सगळ्यांना लावायला लावले. मेनी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांना ते पटलं नाही; मास्क न लावता त्यांनी रुग्ण तपासले आणि काही दिवसांत प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला.

घरात टीबीचा रुग्ण असेल तर

मुंबईत कोविडसाठी मास्कची सक्ती ८ एप्रिल २०२०ला आली आणि राज्यात ती २०२२च्या गुढीपाडव्याला संपली. टीबी मात्र त्याआधीही होता, नंतरही आहे. जगातले सुमारे चौथाई रुग्ण भारतात आहेत. फुप्फुसाचा टीबी असलेल्या रुग्णाने निदानापासून, डॉक्टर ‘आता गरज नाही’ म्हणेपर्यंत, माणसांत असताना सर्जिकल मास्क लावावा. त्याला एन९५ देऊ नका. आधीच धाप लागत असते, तो काढून ठेवेल आणि मास्कचा फायदाच जाईल. एन९५ लावायचा तो त्याच्या खोलीत जाणाऱ्याने. दोन वर्षांखालच्या मुलाला आणि स्वतःहून मास्क काढू न शकणाऱ्या रुग्णाला कुठलाच मास्क लावू नये.

रुग्ण एकटा खोलीत असताना मास्क काढू दे, पण खिडकी उघडी ठेवा. समोरासमोर दोन खिडक्या असतील तर फारच चांगलं. एकच असेल तर टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ढकलली जाईल. रुग्णाच्या मागून दाराकडे वारा येईल असा पंखा ठेवलात तर खोकल्याचे कण स्वयंपाकघरात पोचतील.